खिडकीला लावलेला एक्स-रे

आमच्या बाथरूमच्या खिडकीला दोन काचा कमी आहेत आणि त्यांच्या जागी ह्यांच्या छातीचा एक्स-रे लावलाय. रंगवाल्याच्या शिडीचा धक्का लागून त्या दोन पट्ट्या फुटल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. काचवाला म्हणाला, एवढ्याशा कामाला कोण येणार बाई, चार खिडक्या असतील तर बोला. मग मी कपाटातून एक्स-रे काढला. ह्यांचा खोकला कधीच बरा झाला होता, आणि फिल्म कशी छान जाड, पाण्याला दाद न देणारी. कात्रीने मापात कापली, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. बाहेरचं कोणी आत बघू शकत नाही आणि उजेडही येतो. काचेपेक्षा हे बरं, असं मी सोसायटीतल्या दोघीतिघींना सांगितलंही. मुलगी मात्र खारघरहून आली की नाक मुरडते. म्हणते, आई, बाबांच्या फासळ्यांसमोर दात कसे घासायचे गं?

मी चिकट आहे. लोक मागे बोलतात ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. पेस्टची ट्यूब उभी चिरून आतलं शेवटचं बोटाने पुसून घेतलं की मला जे बरं वाटतं, ते लोकांना बहुतेक नवी वस्तू आणल्यावर वाटत असेल. आमच्याकडे टूथब्रश दातांवरून निघाला की कंगवे घासायला जातो, तिथून शिलाई मशीनच्या दातऱ्या साफ करायला, आणि केस पार झडले की त्याची दांडी परकरात नाडी ओवायला. त्याहून सरळ दांडी बाजारात मिळत नाही. साबणाचे तुकडे लसणाच्या जाळीच्या पिशवीत. कपडे धुतलेलं पाणी निळ्या पिंपात, ते संडासात ओतायला. एखादी वस्तू खरोखर संपली, आता तिच्यात काही म्हणजे काही उरलं नाही, अशी खात्री करून ती टाकताना मला फार शांत वाटतं. हे खोटं कशाला बोलू?

याची सुरुवात ह्यांचा तुर्भ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा झाली. आम्ही कोपरखैरण्यात नुकते राहायला आलो होतो, मुलगी मांडीवर होती. सात महिने गेट उघडलं नाही. तेव्हा हातांना जी सवय लागली ती कारखाना सुरू झाल्यावरही गेली नाही, पेन्शनीतही गेली नाही. हे स्वभावाने सढळ होते. त्यांना मी वळण लावलं. माणूस खोलीतून उठलं की पंखा बंद. जुना पाव संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही. बिस्किटांचा डबा पाहुण्यांसाठी. स्वयंपाकघरात हात घालायचा नाही, मी वाढते तेवढं घ्यायचं, म्हणजे पानात काही उरत नाही आणि पातेल्यात काय शिल्लक आहे ते मला कळतं. हे एका शब्दाने बोलले नाहीत कधी. मला वाटायचं, पटलंय त्यांना.

तीनेक वर्षांपूर्वी ह्यांना ऐकू कमी यायला लागलं. मुलीने चांगलं कानाचं मशीन घेऊन दिलं. त्यात मसुरीएवढा सेल लागतो आणि तो आठवड्यात बसतो. आठवड्याला एक! माझा जीव कळवळला. मी मशीन उलटंपालटं करून बघितलं, सेलचं झाकण उघडून ठेवलं की तो जळत नाही हे मीच शोधून काढलं आणि ह्यांना सांगितलं, बोलायचं नसेल तेव्हा काढून, झाकण उघडून डबीत ठेवत जा. माझी जुनी कुंकवाची डबी दिली त्यासाठी. पहिल्यांदा हे विसरायचे. मग सवय झाली. एक सेल आधी पंधरा दिवस जायला लागला, मग महिना. मी मुलीला कौतुकाने सांगितलं. तिने विषय बदलला.

त्या दिवशी बाथरूमचा नळ ठिबकत होता. वायसर गेलं होतं. मला मुलीने शपथ घातलीय की नळ, बल्ब, स्टूल यांच्या नादी लागायचं नाही, आणि हे संध्याकाळच्या फोनवर तिला सगळं जसंच्या तसं सांगतात. म्हणून मी ठरवलं, जेवणाआधी गुपचूप उरकायचं. भाजी-भाकरी करून झाकून ठेवली. दाराजवळच्या स्टँडवरून माझ्या रोजच्या चपला उचलल्या. टाचेकडे त्या झिजून कागद झाल्या होत्या, पण चवड्याकडे रबर जाड होतं आणि त्याचं वायसर उत्तम होतं. कात्री घेतली आणि बाथरूमचं दार आतून लावून घेतलं. नळातलं बारीक दिसणार नाही म्हणून आत जायच्या आधीच बाहेरचं बटण दाबून लाइट लावला होता. दिवसाउजेडी मी त्या बाथरूममध्ये लाइट कधी लावत नाही. एक्स-रेतून येतो तेवढा उजेड पुरतो.

भिंतीतला वरचा कॉक बंद केला, नळाच्या डोक्याला ओलं फडकं गुंडाळून ते हाताने फिरवून काढलं. पहिलं वायसर लहान कापलं गेलं. दुसरं नीट जमतंय असं वाटत होतं, तेवढ्यात फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. म्हणजे पाऊण वाजला होता. ह्यांना डायबेटीस आहे. पाऊण वाजता हे फ्रिजमधून इन्शुलिनचं पेन काढतात, पोटात टोचून घेतात आणि टेबलाशी बसतात, आणि मी पान वाढते. टोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत जेवलंच पाहिजे, नाहीतर साखर खाली जाते. एकदा गेली होती. तेव्हा हे मला ओळखेनासे झाले होते.

मी नळ तसाच उघडा ठेवून उठले आणि कडी ओढली. त्या कडीची मूठ मागेच तुटली होती, तिच्या भोकात मी जुन्या चमच्याचा दांडा वाकवून बसवला होता. चार वर्षं चालली. तो दांडा वाकवल्या जागी कटकन मोडला आणि अर्धा माझ्या हातात आला. कडी होती तिथेच राहिली, आत घट्ट बसलेली, गंजलेली, धरायला कुठेही काही नाही. कात्रीचं टोक घालून सरकवायला गेले तर टोकच मोडलं. कडीच्या घराचे स्क्रू काढावेत म्हटलं तर त्यांच्या खाचा रंगवाल्याने रंगाने बुजवलेल्या. मेला सगळीकडे रंग मारून गेला होता.

"अहो," मी हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग दारावर थपडा मारल्या. बाहेर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, हे टेबलाशी बसले. मग काहीच नाही. ह्यांचं मशीन कुंकवाच्या डबीत, झाकण उघडून, फ्रिजवर ठेवलेलं होतं. मी सकाळीच पाहिलं होतं ते, आणि बरं वाटलं होतं मला.

मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. खिडकीच्या उरलेल्या पट्ट्यांतून डक्टमध्ये ओरडले. आमच्या मजल्यावर समोरचे दोघं ऑफिसला जातात, खालच्यांचा एसी दिवसभर चालतो, डक्टमध्ये त्याचीच घरघर. वर कुणीतरी फ्लश ओढला. मी बादलीने भिंत बडवली. प्लास्टिकची बादली, किती वाजणार? तिला गेल्या वर्षी मी गरम सुरी लावून डाग दिला होता, ती त्या डागावरच फाटली.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आत घड्याळ नाही. मी मनात धरत होते, आता एक वाजला असेल, आता सव्वा. हे उठून स्वतः भाकरी घेतील, असं मी स्वतःला सांगत होते. भुकेलं माणूस घेणार नाही का? झाकण काढायचं आणि घ्यायचं, एवढंच तर आहे. पण ताटाचा आवाज येत नव्हता. मला आमच्या घरातला प्रत्येक आवाज माहीत आहे. भाकरीवरचं झाकण ओट्यावर ठेवलं की कसं वाजतं ते माहीत आहे. ते वाजत नव्हतं.

मग खुर्ची सरकली. ह्यांची पावलं पॅसेजमध्ये आली. एक पाऊल टाकून थांबत होते, मग दुसरं. हे असं कधी चालत नाहीत. पावलं बाथरूमच्या दाराशी येऊन थांबली. आमच्यामध्ये तेवढा दाराचा पत्रा होता. मी दोन्ही हातांनी दार बडवलं, दार ओढायला मूठ नव्हती म्हणून नायलॉनची दोरी बांधली होती, ती जिवाच्या आकांताने ओढली आणि दोरी गाठीतून सुटून मी मागे पिंपावर जाऊन आदळले. त्याच वेळी बाहेर बटण वाजलं आणि लाइट गेला.

ह्यांनी लाइट बंद केला. पावलं परत फिरली.

मला आधी कळेचना काय झालं ते. मग कळलं, आणि मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. इतकी वर्षं मी ह्या माणसाला हेच शिकवलं होतं. रिकाम्या खोलीत लाइट दिसला की बंद करायचा. विचारायचं नाही, थांबायचं नाही, बंद करायचा. आणि खोली रिकामीच असणार, कारण दुपारी मी लाइट लावत नाही हे त्यांना पक्कं माहीत.

अंधार झाल्यावर एक्स-रे दिसायला लागला. लाइट असताना तो नुसता काळपट तुकडा असतो. आता डक्टमधला उजेड मागून आला आणि ह्यांची छाती तिथे उभी राहिली, फासळ्या, मधली पांढुरकी सावली, सगळं. मी रडले. ह्या बाजूला त्यांची छाती आणि त्या बाजूला ते, घामेजलेले, थरथरत असणार, आणि मी मधे कोंडलेली. ह्या घरात मी काहीही वाया जाऊ दिलं नाही आणि आता माणूस जातोय, असं मी मोठ्याने बोलले. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून बोलले.

डोळे पुसायला परकराचं पोछ्याचं फडकं उचललं आणि खाली जाळीकडे लक्ष गेलं. पाणी जायची जाळी. दाराला खाली बोटभर फट आहे, आणि उंबऱ्याची फरशी चार बोटं उंच. मी ते फडकं जाळीत कोंबलं, वर चपला दाबल्या. पिंपाला खांदा लावला. भरलेलं पिंप मी जन्मात कधी आडवं केलं नव्हतं, तांब्या तांब्याने काढायचं पाणी ते. धाडकन आडवं झालं. पाणी घोट्याला लागलं पण उंबऱ्याच्या खालीच राहिलं. मग मी कॉक पूर्ण उघडला. डोकं काढलेल्या नळातून पाणी सुसाट छताला जाऊन लागलं, माझ्या अंगावर, एक्स-रेवर, सगळीकडे. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि ते वाया जाताना बघत राहिले. मनात एकच चाललं होतं, जाऊ दे, अजून जाऊ दे. हे शब्द माझ्या तोंडून पाण्यासाठी कधी निघाले नव्हते.

पाणी उंबऱ्यावरून गेलं. फटीतून बाहेर निघालं. पॅसेज उतरता आहे, हॉलकडे. मला एवढंच माहीत होतं की टेबलाखाली ह्यांचे पाय उघडे असतात.

पावलं आली, छप छप करत. दाराला बाहेरून हात लागला. मग थांबले. मी ओरडत होते, "ढकला, अहो ढकला," आणि मला माहीत होतं की ऐकू जात नाहीये. दार हललं. पुन्हा हललं. तिसऱ्यांदा ह्यांनी खांदा लावला असणार, कारण कडीचं घर चौकटीतून उखडून माझ्या पायाशी पडलं. तेव्हा आठवलं, रंगकामाच्याही आधी त्याच्या स्क्रूंची भोकं मोठी झाली होती तेव्हा मी त्यांत काड्यापेटीच्या काड्या कोंबल्या होत्या. सुतार बोलावला असता तर ते दार ह्यांच्याने उघडलं नसतं. ही एकच गोष्ट त्या दिवसातली, जिच्याबद्दल मला अजूनही जरासा अभिमान वाटतो.

हे दारात उभे होते. शर्ट घामाने चिकटलेला, ओठ पांढरे. "तू आतच?" असं काहीतरी पुटपुटले आणि भिंतीला घसरत खाली पाण्यात बसले. मी स्वयंपाकघरात धावले. मी गुळाचा चहा पिते, साखरेचा डबा माळ्यावर. पण खणात हॉटेलांतून आणलेल्या साखरेच्या पुड्या होत्या, मुलगी ज्यावरून मला चिडवते त्याच. मूठभर आणल्या, दातांनी फाडल्या, ह्यांच्या तोंडात रिकाम्या केल्या, वर पाणी पाजलं. परत फाडल्या. नळ आत तसाच उसळत होता. बंद करायला मी गेले नाही.

दहा-पंधरा मिनिटांनी ह्यांचे डोळे माझ्यावर ठरले. मग मी उठून कॉक बंद केला, बिस्किटांचा डबा फोडला आणि फ्रिजवरून डबी आणून मशीन त्यांच्या कानात घातलं. विचारलं, जेवला का नाहीत? मी रागाने विचारलं. राग कोणावर होता ते मला तेव्हा कळत नव्हतं.

"तू वाढतेस ना," हे म्हणाले. स्टँडवर माझ्या चपला नव्हत्या, म्हणून त्यांना वाटलं मी खाली भाजीवाल्याकडे गेले, येईन इतक्यात.

मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "लाइट मीच बंद केला गं. मला वाटलं सकाळी दाढी करताना माझाच राहिला. तू येऊन बघितलं असतंस तर बोलली असतीस."

अंगातून थरथर जातेय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, आणि हा माणूस माझ्या बोलण्याच्या भीतीने आधी लाइट बंद करायला उठला. त्यांच्यासाठी भाकरी आणली, कुस्करून भरवली, आणि आम्ही दोघं तिथेच पॅसेजमध्ये ओल्यात बसून जेवलो.

संध्याकाळी मुलगी आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कडीचं उखडलेलं घर पाहिलं, चमच्याचा तुकडा पाहिला, आणि बाबांच्या पायाशी जाऊन बसली. चार दिवसांत नवीन दार आलं, बाहेरूनही उघडता येईल अशा कडीचं. बिस्किटांचा डबा आता टेबलावर असतो, उघडा. एक्स-रे मात्र मी काढू दिला नाही. काचवाला आला होता, त्याला परत पाठवलं. मुलीला वाटलं मी पुन्हा तेच सुरू केलं. वाटू दे.

हे आता मशीन सकाळी आंघोळीनंतर लावतात ते रात्रीच काढतात. सेल आठवड्याला जातो. मी एका शब्दाने बोलत नाही. पण खरी अडचण पुढेच आहे आणि ती मी मुलीलाही सांगितलेली नाही. दुपारची जेवणं झाली की हे माझ्यासमोर येऊन बसतात, कान माझ्याकडे करून. मी मेथी निवडत असते. आणि मला बोलायला काही सुचत नाही. इतकी वर्षं मी त्यांच्याशी काय बोलत होते ते आठवून बघते, तर लाइट बंद करा, नळ घट्ट पिळा, दूध आधी कालचं घ्या. ते सगळं त्यांना माझ्या तोंडाकडे बघूनही कळायचं, त्याला मशीन लागतच नव्हतं. एक सेल महिनाभर जायचा तो काही उगीच नाही. बाथरूममध्ये निदान ओरडता तरी येत होतं. इथे दोन हातांवर माणूस बसलाय, त्याला सगळं ऐकू येतंय, आणि माझी वाचा बसलीय.

काल मेथीची जुडी संपली तरी मी गप्पच होते. देठं वेगळी केली, पानं वेगळी केली. ह्यांनी वाट पाहिली, मग कानातल्या मशीनला बोट लावून दाखवलं.

"बोल ना काहीतरी," हे म्हणाले. "सेल फुकट चाललाय."